थांबलेला धागा

“म्हणजे लोकरीतच खोट असणार, नाही का हो बाई?”

दयाबाईंनी माझा मफलर मांडीवर पसरला. तो सरळ पसरलाच नाही. उजवीकडे वळत गेला, विळ्यासारखा.

पाचगणीतल्या एका वसतिगृहात त्या अडतीस वर्षं मेट्रन होत्या. आता निवृत्त. गावात कुणाचं विणकाम बिघडलं की ते त्यांच्या ओसरीवर येतं. मीही आले होते. शिकायला नव्हे खरं तर. चूक माझी नाही, एवढं ऐकायला.

“टाके मोजलेस?”

“प्रत्येक ओळीला. चाळीस म्हणजे चाळीस. चार ओळी निळ्या, चार ओळी या रंगीत लोकरीच्या. हे बघा, वहीत लिहिलंय.”

“वहीत?”

“गणितात एम.एस्सी. आहे मी,” मी म्हणाले. म्हटलं आणि जीभ चावली.

बाई हसल्या. “मग तर वाकडा व्हायलाच नको होता.”

“निळीची तक्रार नाही. एकच रंग, शहाण्यासारखी चालते. ही रंगीत दगा देते. आत्ता पिवळी, मग लाल, मध्येच कसलीशी राखी... पुढे काय येईल सांगता येत नाही.”

“नाहीच येत.”

मी दाराकडे वळले. “जुई! पायरीवरून ऊठ. गार आहे.”

जुई उठली नाही. सिल्व्हर ओकची वाळकी पानं एकावर एक रचत बसली होती. पाठ आमच्याकडे.

“लेकीसाठी विणतेस?”

“हो.”

“माप घेतलंस?”

“घेतलं.” मी थांबले. “दुपारी झोपली होती तेव्हा.”

“झोपेत?”

“जागेपणी गळ्याला हात लावू देत नाही.”

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. कुणी विचारलं नाही की मला राहवत नाही.

“पहिली नोकरी नांदेडला लागली होती. हिला अकरा महिने वाईला ठेवलं, सासूबाईंकडे. तेव्हा अडीच वर्षांची होती. आता इथे बदली मिळाली, तशी घेऊन आले. तीन महिने झाले... आल्यापासून रोज विचारायची, घरी कधी जायचं? मी म्हणायचे, अगं, हेच घर.”

“वाई काय, घाट उतरला की आली.”

“नेत नाही मी. फोनसुद्धा लावून देत नाही. सवय मोडायला नको का? एकदा आज्जीचा आवाज ऐकला की चार दिवस माझ्याकडे बघत नाही.”

“अजून विचारते?”

“नाही. आता नाही विचारत. रुळली.”

ओसरीवर तो शब्द एकटाच राहिला.

“जुई, अगं तोंडात घालू नकोस ते!”

तिने तोंडात काही घातलं नव्हतं.

“विण,” बाई म्हणाल्या. “इथे, माझ्यासमोर.”

रंगीत पट्टीची शेवटची ओळ राहिली होती. ती पुरी केली. आता निळी घ्यायची. निळा धागा चार ओळी खाली, काठाशी थांबलेला होता. तो मी वर घेतला, तेवढ्यात बाईंनी काठाला लावून आपलं बोट आडवं ठेवलं. धागा बोटावरून वर आला.

मी पहिला टाका घातला आणि नेहमीसारखा धागा ओढून घेतला. सैल राहिला की काठाला लोंबतो, गबाळं दिसतं.

“अगं...” बाई म्हणाल्या.

“एक मिनिट हं बाई. मोजतेय.”

दोन, तीन, चार. पुढचे टाके सुरेख पडत होते. बाईंसमोर एकही टाका चुकला नाही याचं मला बरंही वाटत होतं. अकराव्या टाक्याला सहज काठाकडे नजर गेली.

बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

“बाई! दुखत नाही का?”

“दुखतंय की.”

“मग बोलायचं नाही का!”

“बोलले ना पहिल्यांदा. तू मोजत होतीस.” त्यांनी बोट हळूच सोडवून घेतलं. “मग नाही बोलले.”

बोटावर बारीक लाल रेघ उठली होती. त्यांनी ती चोळली नाही, लपवलीही नाही. मी वही मिटली.

“हा धागा चार ओळी खाली थांबला होता,” त्या म्हणाल्या. “एवढं अंतर चढून यायचं त्याला. ते तू देतच नाहीस. रंगीतला देत नाहीस, निळीलाही नाही. मग काठ आखडतो.”

“म्हणजे लोकर...”

“लोकर चांगली आहे.”

मफलर अजून त्यांच्या आणि माझ्या मध्ये वाकडा पडून होता. अठरा पट्ट्या झाल्या होत्या. मनातल्या मनात मोजल्याच मी.

“सगळा उसवते. पहिल्यापासून घालते.”

“उसव की. पण धागा कुरळाच निघेल. जिथे जिथे वळला होता, तिथे तिथे.”

“वाफ दिली तर?”

“डोळ्यांना सरळ दिसेल. हाताला कळतं.”

“मग काय करू, बाई?”

“पुढची पट्टी सैल घे.”

“आणि लोंबत राहिला तर? दिसेल ना सगळ्यांना.”

“दिसेल.”

“मी सैल सोडलं आणि परत आलीच नाही तर?”

“कोण... लोकर?”

मी खाली बघितलं. सुयांवर अकरा टाके निळे, एकोणतीस रंगीत. त्यांत ती राखी छटाही होती. इतकी वाईट नव्हती ती, जवळून.

बाहेर जुईने पानांचा ढीग मोडला आणि पुन्हा पहिल्यापासून रचायला घेतला. हाक माझ्या ओठांवर आली होती. गिळली. तशी तिने मान जराशी वळवली. रोजची हाक आली नाही म्हणून असेल. पुन्हा पानांकडे वळली.

“किती सैल, बाई? एक बोट, दोन बोटं? आकडा सांगा, तसं करते.”

दयाबाईंनी माझ्या हातातून सुया काढून घेतल्या. मफलर गुंडाळून बाजूला ठेवला. माझ्या पिशवीतून टेप तेवढी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“आत्ता ती जागी आहे,” त्या म्हणाल्या. “जा, माप घेऊन ये.”