सर्जेरावांच्या पानातला ठेचा

“पण बुवा, अशा मुलांचं डोकं कॉम्प्युटरसारखंच चालतं, एवढं तरी तुम्हाला मान्य आहे की नाही?”

नानूबुवा मठाच्या पडवीत बसून केळीची पानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“अशा म्हणजे कशा?”

“ऑटिझम असलेल्या. स्वमग्न म्हणतात बघा.”

“आणि हिला काय म्हणतात?”

“कुणाला?... हिला? शर्वरी.”

“हां,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान पुसायला घेतलं.

सर्जेराव इंगवले जरा वरमले, पण गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. कोल्हापुरात त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. निम्म्या तालुक्याला माउस धरायला आपण शिकवलं असं ते सांगत, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. वीस वर्षं ते दरसाल घाट उतरून खाडीकाठच्या या मठात येत. यंदा लेकीला घेऊन आले होते.

शर्वरी एकोणीस वर्षांची. पायरीवर पाठमोरी बसून ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, बोलायची मोजकं, आणि भांडं जरी पडलं तरी दोन्ही कान झाकून घ्यायची. मठात भांडी फार पडत नसत, म्हणून आज हात मोकळे होते.

सर्जेरावांनी पिशवीतून फॉर्म काढला. बंगळूरला एक संस्था होती, खास अशा मुलांसाठी. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, प्रोग्रॅमिंग शिकायचं, पुढं नोकरी. उद्या शेवटची तारीख. सगळं भरून झालं होतं, पण शर्वरीची आई अडून बसली होती. बुवांना विचारल्याशिवाय मी पेन हातात घेणार नाही, म्हणाली.

“सही हिची पण लागते?” बुवांनी विचारलं.

“लागते की. करते ती. जिथं बोट ठेवीन तिथं करते.”

“आणि कॉम्प्युटर आवडतो तिला?”

“रोज चार तास बसते! एकदा तक्रार नाही.”

“बसते...”

“मी बसवतो, ती बसते.”

बुवांनी पानांची चवड उचलली. “चला, पंगत बसतेय. पोटात अन्न गेलं की सह्याही नीट होतात.”

...

या मठाच्या पंगतीची एक रीत होती. विचारल्याशिवाय पानात काही पडत नसे. मग समोर आमदार असो नाहीतर मांडीवरचं पोर. पंगत इतरांसारखीच मिठापासून सुरू होई, पण इथं मीठसुद्धा विचारून. नवखे लोक हसत. मिठाला नको कोण म्हणतं? बुवा त्यांना हसू देत आणि उत्तराची वाट बघत.

बुवा मिठाची वाटी घेऊन शर्वरीपुढं वाकले.

“बाय, मीठ?”

“वाढा बुवा, वाढा,” सर्जेराव शेजारून म्हणाले. “सगळं खाते ती.”

बुवांची चिमूट पानावर तशीच थांबली.

शर्वरी पानाची शीर बोटानं चाचपत होती. पंगतीतली माणसं खोळंबली. कुणीतरी खाकरलं. सर्जेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पण बुवांनी दुसरा हात नुसता वर केला.

...

“थोडं,” शर्वरी म्हणाली.

बुवांनी थोडं वाढलं आणि पुढं सरकले.

भात झाला, वरण झालं, फणसाची भाजी झाली. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तेच थांबणं. शेवटी खीर आली.

“शेवयांची!” सर्जेराव खुलले. “ही मात्र तिच्या आवडीची. दर रविवारी करतो आम्ही. दोन वाट्या संपवते.”

“बाय, खीर?”

...

“नको.”

“अगं!” सर्जेराव हसले. “दर रविवारी खातेस की!”

“खाते,” शर्वरी म्हणाली. मग बऱ्याच वेळानं पानाकडेच बघत म्हणाली, “आवडत नाही. गिळगिळीत लागते.”

“मग सांगितलं का नाहीस कधी?”

“विचारलं नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं तिनं सांगितलं. सर्जेरावांच्या हातातला घास हातातच राहिला. किती रविवार झाले असतील, याचा हिशेब क्लासवाल्या डोक्यानं लगेच मांडला, आणि त्यांना तो नको झाला.

पण माणूस हट्टी. घास गिळून ते म्हणाले, “खिरीचं सोडा बुवा. खीर वेगळी, कॉम्प्युटर वेगळा. अशी मुलं त्यात हुशार असतात, हे जगजाहीर आहे.”

“जगजाहीर?”

“कुणालाही विचारा.”

बुवा स्वयंपाकघरात गेले. परत आले ते लाल मिरचीच्या ठेच्याचं भांडं घेऊन. सर्जेरावांपुढं वाकले, आणि मठात कधी झालं नव्हतं ते झालं. काही न विचारता त्यांनी मोठा डाव भरून ठेचा सर्जेरावांच्या पानात थापला.

“बुवा! अहो बुवा, मला तिखट सोसत नाही!”

“कोल्हापूरचा ना तू?”

“कोल्हापूरचाच आहे, पण—”

“मग लागणारच.” दुसरा डाव पडला. “कोल्हापूरच्या माणसाला तिखटाशिवाय घास उतरत नाही. जगजाहीर आहे. कुणालाही विचार.”

पंगतीत हशा पिकला. सर्जेरावांचे कान तापले. या हशाशी त्यांची जन्माची ओळख होती. परगावच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी ‘अहो, कोल्हापूरकर!’ म्हणून तांबड्या रश्श्याची वाटी पुढं करायचं, आणि ते हसत हसत प्यायचे. नको म्हणायची लाज वाटायची. इथं मात्र वीस वर्षांत बुवांनी त्यांच्या पानाला कधी मिरची लावली नव्हती. तेच बुवा आता तिसरा डाव भरत होते.

“मला विचारा तरी, बुवा!” सर्जेराव ओरडले.

...

शर्वरीचे हात कानांवर गेले. हशा थांबला. बुवांनी डाव भांड्यात ठेवला, आणि इतक्या मायेनं सर्जेरावांकडे पाहिलं की त्यांनाच खाली बघावं लागलं.

थोड्या वेळानं शर्वरीनं कानांवरचे हात काढले. बापाकडे न बघताच तिनं आपल्या पानाचा एक कोपरा फाडला, त्यानं ठेचा खरवडून बाजूला केला, आणि आपला सोलकढीचा द्रोण त्यांच्याकडे सरकवला.

“पप्पा तिखट खात नाहीत,” तिनं बुवांना सांगितलं. “लग्नात खातात. मग रात्रभर पोट धरून बसतात. मी पाणी ठेवते.”

सर्जेरावांना उशापाशी ठेवलेला तांब्या आठवला. तो बायको ठेवते असं ते आजवर समजत होते.

...

पंगत उठली. शर्वरी पायरीवर जाऊन बसली. सर्जेराव बुवांच्या मागोमाग विहिरीपाशी आले. फॉर्मची सुरळी हातात घामानं भिजली होती.

“कॉम्प्युटर नाही तर नाही,” ते म्हणाले. “पण दुसरं काहीतरी तिला येत असेलच ना, बुवा? देव एका हातानं काढून घेतो, तर दुसऱ्या हातानं देतो म्हणतात. ते काय दिलंय, तेवढं सांगा.”

“कॉम्प्युटर नाही, असं मी कुठं म्हटलं?” बुवा भांडं विसळत म्हणाले. “असेलही. नसेलही... तुला काय येतं रे?”

“मला? कॉम्प्युटर.”

“आणि तो आला नसता, तर आईनं तुला उपाशी ठेवलं असतं?”

सर्जेराव विहिरीच्या कठड्यावर बसले. इतकी वर्षं ताठ ठेवलेली मान आता खाली आली.

“भीती वाटते हो,” ते म्हणाले. “मी आहे तोवर आहे. माझ्यामागं हिला कोण विचारणार? लोक म्हणतात, अशी मुलं कॉम्प्युटरात कुठल्या कुठं जातात. तेवढं ऐकलं की मला झोप लागते, बुवा. दुसरं काही नाही.”

बुवा शेजारी येऊन बसले. त्यांनी सर्जेरावांच्या पाठीवर ओला हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“भीती खरी आहे,” ते म्हणाले. “पण ती तुझ्या पानातली. तिच्या पानात वाढू नको.”

...

सर्जेराव उठले. पायरीपर्यंत गेले आणि लेकीच्या शेजारी बसले. फॉर्म मांडीवर उलगडला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शर्वरी ओढणीचं टोक गुंडाळत होती. शेवटी शाळेत पाठांतर विसरलेल्या पोरासारखे ते परत विहिरीपाशी आले.

“बुवा, एकोणीस वर्षांत विचारलं नाही. आता एकदम कसं विचारू?... सुरुवात कुठून करू?”

नानूबुवांनी मिठाची वाटी पंच्यानं कोरडी पुसली, तिच्यात मूठभर नवं मीठ भरलं आणि ती सर्जेरावांच्या हातात दिली.

“संध्याकाळच्या पंगतीला तू वाढ.”