तोट्यातला गोलपोस्ट

एका गावात एक भोळा मालक होता. कशाचा मालक? आधी गुळाचा, मग फुटबॉलचा. नाव रायगोंडा. वडील गेले तेव्हा त्याच्या वाट्याला गुळाचं गोदाम आलं, खालच्या आळीचा फुटबॉल संघ आला, संघाचं नदीकाठचं मैदान आलं आणि संघाला शिकवणारे दस्तगीर वस्ताद आले.

वस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले, "मालक, वरची आळी दरसाल कप नेतीय. औंदा आपल्याला पायजे. पण एक ध्यानात ठेवा. कप गेला तर पुढच्या साली येतोय. हे मैदान गेलं तर आळीची पोरं खेळायची कुठं?"

"मैदान कुठं जातंय वस्ताद? त्याला काय पाय आहेत?"

"मग झालं. एक गोल मारणारा गडी तेवढा आणा."

"हात्तिच्या! एवढंच होय!"

रायगोंडा शहरात गेला. दलालानं फोटो दाखवला. फोटोत एक गडी हवेत होता. रायगोंडानं लगेच हंगामाचा सगळा गूळ विकून गडी घेतला. गडी मैदानावर आला, धावला आणि पडला. उठला, धावला, पुन्हा पडला. फोटोही पडतानाच काढलेला होता.

"मालक, हे काय केलासा?" वस्ताद म्हणाले. "अहो, पैसं मोजायच्या आधी मैदानावर पळवून बघायचं असतंय."

"हात्तिच्या! एवढंच होय!"

पुढच्या आठवड्यात संघासाठी जुनी बस घ्यायची ठरली. रायगोंडानं पैसे मोजायच्या आधी बस मैदानावर पळवून बघितली. आदल्या दिवशीच मैदानाला पाणी दिलेलं होतं. बस चांगली निघाली. मैदानात चाकांच्या दोन खोल चऱ्या पडल्या. रविवारच्या सामन्यात चेंडू एका चरीत शिरला, तो सरळ आपल्याच गोलात जाऊन थांबला.

"मालक, हे काय केलासा?" वस्तादांनी चरीत बसूनच विचारलं. "किमती वस्तू जपायची असतीय. झाकून ठेवायची. कुणाचा पाय लागू द्यायचा नाही."

"हात्तिच्या! एवढंच होय!"

मग रायगोंडानं गोव्याहून रोझारियो आणला. या वेळी दलालाचं ऐकलं नाही. मैदानावर पळवून बघितला. रोझारियो वाऱ्यासारखा पळाला. किंमत ऐकून गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्या दिवाणजींना घेरी आली, पण रायगोंडानं अर्धं गोदाम मोकळं केलं.

सामन्याच्या दिवशी रोझारियो मैदानावर दिसेना. दहाच गडी खेळले आणि हरले. वस्ताद शोधत शोधत गोदामापाशी गेले. दाराला कुलूप. कुलूप काढलं तर आत ढेपांची रास, आणि राशीवर ताडपत्री. ताडपत्री उचलली तर खाली रोझारियो गूळ खात बसलेला.

"बरा आहेस ना रं बाबा?"

"मी बरा आहे," रोझारियो म्हणाला. "पण इथं मुंग्या फार."

"मालक, हे काय केलासा?"

"किमती आहे म्हणून झाकला. तिथं बावीस जणांचे पाय लागले असते."

वस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मालकाला कळावं म्हणून ते गुळाच्या भाषेत बोलले. "मालक, ठेवून ठेवून माल पाघळतोय. येळ आली की सोडायचा."

"वेळ कधी येते?"

"गुळाची कधी येतीय?"

"भाव चढला की."

"मग तसंच," वस्ताद थकून म्हणाले. तिथंच त्यांचं चुकलं.

साखळी सामन्यांत कशीबशी तगून आळी उपांत्य सामन्यात पोचली. तिथं रोझारियोनं तीन गोल मारले. आळीनं त्याला खांद्यावर घेतलं. वरच्या आळीचे मालक उदाजीराव रायगोंडाच्या शेजारी येऊन बसले. उदाजीराव हसले की मला उगाच धडकी भरते, आणि तेव्हा ते हसत होते. त्यांनी भाव सांगितला. भाव चढलेला होता. दोघांचे हात रुमालाखाली गेले, बोटांनी बोटं दाबली, सौदा झाला. गुळाच्या बाजारात सौदा असाच होतो, आणि एकदा झाला की मोडत नाही.

रोझारियो आळीच्या खांद्यावरून उतरला तो थेट उदाजीरावांच्या गाडीत बसला.

"मालक!" वस्तादांनी टोपी जमिनीवर आपटली. "अहो, जोडीतलं एक विकावं. एकुलतं एक विकू नये. आणि विकायचंच तर तोट्यातलं विकावं!"

"हात्तिच्या! एवढंच होय!"

रायगोंडा मैदानावर जाऊन बसला आणि जोडी शोधू लागला. मैदान एक. बस एक. वस्ताद एक. आणि गोलपोस्ट? दोन! एकात आपण गोल मारतो, तो नफा. दुसऱ्यात लोक मारतात, तो तोटा. इतकी साधी गोष्ट वडिलांना कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटलं. तोट्यातला गोलपोस्ट त्यानं भंगाराच्या भावानं विकला. घेतला उदाजीरावांनी.

अंतिम सामना त्याच मैदानावर होता. लोक झाडांवर चढून बसले होते. पंच आले, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं.

"दुसरा गोलपोस्ट कुठाय?"

"काढला. तोट्यात होता," रायगोंडा म्हणाला.

पंचांनी झाडांवरच्या लोकांकडं बघितलं आणि सामना रद्द म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही. उदाजीराव म्हणाले, "खेळवा की पंच. आमची काय तक्रार नाही."

शिट्टी झाली. खालच्या आळीनं असलेल्या गोलपोस्टात दोन गोल घातले. रोझारियो चेंडू घेऊन दुसऱ्या टोकाला गेला, गोल शोधला, सापडेना. बिचाऱ्यानं शेवटी चेंडू नदीत मारला. आळीनं रायगोंडावर गुलाल उधळला. हा माणूस शहाणा तर नसंल, असं वस्तादांनाही क्षणभर वाटून गेलं.

मग मध्यंतर झालं.

"मालक," वस्ताद एकदम पांढरे पडून म्हणाले, "आता बाजू बदलत्यात!"

"कुणाच्या?"

"दोघांच्या! आता आपल्याला मारायला गोल नाही, आणि रोझारियोला हाय! काय वाट्टंल ते द्या, पण तो गोलपोस्ट माघारी आणा!"

"हात्तिच्या! एवढंच होय!"

उदाजीराव लिंबू सरबत पीत होते. ट्रॅक्टरवर गोलपोस्ट तयारच होता. "देतो की," ते म्हणाले. "पण आता भाव चढलाय."

रायगोंडानं रुमाल टाकला. बोटांनी बोटं दाबली. सौदा झाला.

उदाजीराव उठले. सरबताचा पेला पंचांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पंच, हे मैदान आता माझं झालं. माझ्या मैदानात मी परका गोलपोस्ट रोवू देणार नाही. आणि खालच्या आळीनं आता घरी जावं."

अर्ध्यात मैदान सोडलं म्हणून कप वरच्या आळीला गेला. खालची आळी बसमधून परतली. बसच्या टपावर गोलपोस्ट बांधलेला होता. वस्ताद डोकं धरून बसले होते.

"मालक, हे काय केलासा?"

"तुम्हीच म्हणालासा, काय वाट्टंल ते द्या."

"अहो, पण आता पोरं खेळणार कुठं?"

गोदामापाशी बस थांबताच रायगोंडानं टपावर चढून दोर सोडला. त्यानं गोलपोस्ट गोदामात नेला. वर ताडपत्री घातली, चारी बाजूंनी दाबली. दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं आणि वस्तादांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका वस्ताद. आता मारा म्हणावं आपल्यावर गोल!"

आणि खरंच. त्या दिवसापासून आजपर्यंत खालच्या आळीवर एकही गोल झालेला नाही.