निर्माल्यातलं पेन

"कुणाची सुई?" बुवांनी विचारलं.

विद्याधर वाकून पाट मांडायला लागला.

"कौसाला टोचली ती सुई कुणाची, ते विचारतोय मी."

"बुवा... आपण आत्ताच ध्यानातून उठला आहात. जेवण होऊ दे, मग बोलू."

"ध्यान गेलं चुलीत! कुणाची?"

"...आपली."

मी दारातच उभी होते, हाताला भाकरीचं पीठ तसंच. कौसाला सुई टोचली, एवढंच बुवांना मी सांगितलं होतं. विद्याधर माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मी देव्हाऱ्यातली मूर्तीच चोरलीय. बघेना का! या मठात सतरा वर्षं मी स्वयंपाक करतेय, त्याला येऊन तीन झाली.

हा शिकलेला माणूस. पुण्यातली कंपनीची नोकरी सोडून आला, आणि ती सोडल्याचं आल्या-गेल्याला सांगत बसतो. बुवांच्या पादुका त्याच्याशिवाय कुणी उचलायच्या नाहीत. बुवांचं उष्टं ताट त्याच्याशिवाय कुणी घ्यायचं नाही. बुवांना कितीदा म्हटलं, याला एवढं डोक्यावर बसवू नका. ते नुसते हसायचे.

त्या दिवशी हसले नाहीत.

"माझी सुई कौसाच्या हातात कशी गेली?"

विद्याधरनं मान खाली घातली. बुवा माझ्याकडे वळले.

"अनसूये, तू सांग."

मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं.

बुवांना साखरेचा आजार, वीस वर्षांचा. लोक पेढे आणायचे, बुवांना कुणाचं मन मोडवायचं नाही, मी आपली ओरडत राहायची. शेवटी गोळ्यांनी भागेना. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा टोचायचं पेन लिहून दिलं. टोपण काढायचं, पोटाला टेकवायचं, दाबायचं. एकदा टक् होतं, थोड्या वेळानं दुसऱ्यांदा टक् होतं, की झालं. सुई दिसतही नाही, आपली आपण आत जाते. एक पेन, एकाच माणसाला, एकदाच.

आणि बाईंनी बजावून सांगितलं होतं. वापरलेलं पेन जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका. झाकण घट्ट. वर मोठ्या अक्षरात लिहा. डबा भरत आला की माझ्याकडे आणून द्या. कचऱ्यात नाही, शेतात नाही, नदीत तर नाहीच नाही. फिनेलचा रिकामा कॅनसुद्धा चालेल म्हणाल्या.

मी कॅन धुतला. वाळवला. विद्याधरच्या हातात नेऊन दिला.

"मावशी, बुवांच्या अंगाला लागलेली वस्तू संडासच्या फिनेलच्या कॅनमध्ये? तुम्हाला काही वाटतं का?"

आणि मी मूर्ख! मी तो कॅन परत मोरीत नेऊन ठेवला.

मग दर गुरुवारी सोहळा सुरू झाला, त्याला सहा महिने झाले. विद्याधर सोवळं नेसायचा. पेन तांब्याच्या ताम्हनात, खाली अक्षता, वर तुळशीचं पान. बुवा डोळे मिटून बसायचे, हा टोचायचा. आणि मग रिकामं पेन कपाळाला लावायचा. त्याचं बघून लोकही लावायला लागले. रांग लागायची हो, रिकाम्या पेनाच्या दर्शनाला! शेवटी ते झेंडूच्या माळेत गुंडाळायचं आणि निर्माल्यात ठेवायचं. देवाच्या अंगावरची फुलं जिथं जातात तिथंच.

आणि निर्माल्य जातं कौसाकडे.

कौसा खालच्या वस्तीतली. नवरा नाही, दोन मुली आहेत. मठाची फुलं ती पत्र्यावर वाळवते, पोत्यात घालून मोगरीनं कुटते, हातानं चोळून चाळते आणि त्याचा धूप करते. त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी सातला तिनं पोतं कुटलं. माळेतलं पेन आतल्या आत फुटलं. नंतर चोळायला हात घातला, आणि सुई अंगठ्याच्या बुडात शिरली.

"मग?" बुवा म्हणाले.

"मग ती दवाखान्यात गेली. साबणानं हात धुऊन, चालत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ज्याची सुई आहे त्याचं रक्त तपासायला हवं, आत्ताच्या आत्ता घेऊन या. म्हणून ती दहाला इथं आली."

"आता किती वाजले?"

"एक."

बुवांनी विद्याधरकडे पाहिलं.

"तीन तास ती कुठं आहे?"

"पायरीवर," मी म्हटलं. "यांनी तिला अंगारा दिला, नारळ दिला आणि सांगितलं, गुरुवारचा उत्सव होऊ दे, मग बघू. कुठं बोलू नकोस म्हणाले."

"खरं?"

विद्याधरनं मान वर केली. आता त्याचा आवाज चढला होता.

"बुवा, आपलं रक्त तपासायचं? दवाखान्यात? उद्या गावभर होईल की बुवांची एड्सची तपासणी झाली! लोक काय म्हणतील? आपल्या रक्तात काही असू शकतं, हा विचारसुद्धा माझ्या मनाला..."

"माझ्या रक्तात काय आहे?"

"...जी?"

"तुला माहीत आहे वाटतं. सांग ना. मला माहीत नाही. बारा वर्षं गावोगाव हिंडलो. जत्रेत दात उपटून घेतला. ताप आला तर जो भेटेल त्याच्याकडून सुई टोचून घेतली, एकच सुई सगळ्या रांगेला. काय काय आलं असेल अंगात, मला कळायला मार्ग नाही. तुला कळलं?"

बुवा एक पाऊल पुढं आले.

"उद्या कुणी म्हणेल, बुवांनी वापरलेलं पेन मलाही टोचा, प्रसाद म्हणून. टोचशील?"

मला तर धडकीच भरली. टोचलं असतं त्यानं, शपथेवर सांगते.

"कौसाला बोलाव. आणि निर्माल्याचं पोतं आण."

कौसा आली. अंगठ्याला पट्टी, डोळे सुजलेले. कोपऱ्यात उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

विद्याधरनं पोतं आणलं. या आठवड्याची फुलं, निम्मी सुकलेली. त्यात एक पेन होतंच, मागच्या गुरुवारचं. कुठल्या माळेत, ते देव जाणे.

"हात घाल," बुवा म्हणाले.

"बुवा?"

"हात घाल आणि माझं पेन काढून दे. कौसा रोज घालते तसा. फुलं चोळून बघ."

विद्याधरनं हात पुढं नेला. पोत्याच्या तोंडापर्यंत गेला... आणि थांबला.

"का रे? प्रसाद आहे ना? कपाळाला लावताना हात थांबत नव्हता तुझा."

त्यानं हात मागं घेतला.

मग बुवांनी स्वतःची बाही वर सारली आणि सरळ पोत्यात हात खुपसायला निघाले. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. साखरेच्या माणसाची जखम लवकर भरत नाही, एवढं मलाही कळतं.

पण माझ्याआधी कौसा धावली. पट्टीच्या हातानं तिनं बुवांचं मनगट धरलं.

"न्हाई बुवा, न्हाई! टोचंल तुमास्नी."

मठात बुवांच्या अंगाला असा हात लावायची कुणाची छाती नाही. विद्याधरचा चेहरा बघण्यासारखा झाला.

बुवांनी हात काढून घेतला नाही. कौसानंही मनगट सोडलं नाही.

"ऐकलंस?" बुवा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हिला वाटलं, मला टोचू नये. सहा महिने तुला हे हिच्याबद्दल वाटलं नाही... आणि मला तरी कुठं वाटलं! पेन जातं कुठं, एकदाही विचारलं नाही मी. डोळे मिटून बसायचो. चांगलं वाटायचं रे, लोक रांग लावतात ते."

"बुवा, आपली काय चूक..."

"गप्प! चूक माझी आहे. तू तीसुद्धा देव्हाऱ्यात ठेवायला निघालास. जीप काढ."

दवाखान्यात तीसेक माणसं बसलेली. विद्याधर पुढं घुसायला लागला. बुवांनी त्याची कॉलर धरून मागं ओढलं आणि रांगेत उभे राहिले, कौसाच्या मागं. पुढच्या माणसाला कळलं की बाईला सुई टोचलीय, मग लोकांनीच वाट दिली.

"नाव?" परिचारिकेनं विचारलं.

"अहो बाई, हे बुवा आहेत," विद्याधर म्हणाला.

"धोंडू बाळा सुतार," बुवा म्हणाले. "वय चौऱ्याहत्तर. साखर आहे. बाकी काय आहे, तेच बघायला आलोय."

रक्त घेतलं. बाकावर बसलो. बुवा एका टोकाला, कौसा दुसऱ्या, मधे मी. कौसा मला हळूच म्हणाली, "आक्का, पोरींना काय सांगू?" मी तिचा चांगला हात धरून बसले.

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं तेव्हा त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

"बुवा, एड्स नाही. पण कावीळ ब निघाली. कधीची आहे सांगता येणार नाही. तुम्हाला त्रास झाला नाही, पण रक्तातून दुसऱ्याला होऊ शकते."

विद्याधर भिंतीला टेकला.

"कौसाचं बोला," बुवा म्हणाले.

"तिला लस इथंच देते. आणखी एक इंजेक्शन लागेल, ते जिल्ह्याला मिळेल. आज गेलंच पाहिजे. मी फोन करून ठेवते. मग सहा महिने तपासण्या."

"गुरुवारनंतर आलो असतो तर?"

बाई बुवांकडे बघत राहिल्या.

"हे कोण म्हणालं होतं, गुरुवारनंतर या?"

मी बोलणार होते, बुवांनी हातानं थांबवलं.

जिल्ह्याला जायला दीड तास लागला. जीप विद्याधर चालवत होता. रस्ताभर बुवा कौसाशी बोलत होते. मुली कितवीत आहेत, थोरलीला काय आवडतं, असलंच. विद्याधरशी एक अक्षर नाही.

इंजेक्शन मिळालं. वेळेत मिळालं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. म्हणजे होणारच नाही का, असं कौसानं विचारलं. ते म्हणाले, शक्यता खूप कमी झाली, पण तपासण्या चुकवू नका. सहा महिने! तेवढे दिवस ती बाई कशी झोपणार, हे कुणी विचारत नाही.

बुधवारी विद्याधर दिवसभर उन्हात बसला होता. जाड हातमोजे, लांब चिमटा, समोर कौसाच्या पत्र्यावरची सगळी पोती. एकेक माळ उलगडून बघत होता. मी त्याला पाणी नेऊन दिलं नाही. नंतर दिलं.

गुरुवार उजाडला. उत्सवाला लोक आलेच होते, अंगण भरलेलं. बुवांनी निरोप पाठवून कौसाला बोलावून घेतलं होतं. ती मागं, खांबापाशी बसली.

विद्याधरनं सोवळं नेसलं नव्हतं. ताम्हन नव्हतं, अक्षता नव्हत्या. साबणानं हात धुतले, पेन आणलं आणि शेजारी माझा फिनेलचा कॅन ठेवला. कॅनवर लाल अक्षरात लिहिलं होतं: वापरलेल्या सुया. हात घालू नये.

टोपण काढलं. पोटाला टेकवलं. दाबलं. टक्... थोड्या वेळानं दुसरा टक्.

बुवांचे डोळे या वेळी उघडे होते.

पेन बाजूला घेतलं, आणि सवयीनं विद्याधरचा हात कपाळाकडे निघाला. लोकांचेही हात जुळले.

बुवांनी त्याचं मनगट पकडलं.

"काय आहे ते?"

विद्याधरच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय आहे, विचारतोय मी."

"बुवा... मला म्हणवत नाही. आपल्या अंगाचं आहे ते."

"माझ्याच अंगाचं आहे. म्हणून तर विचारतोय."

विद्याधरनं हात खाली आणला. पेन कॅनमध्ये टाकलं, झाकण पिळून घट्ट केलं, आणि जमिनीकडे बघत पुटपुटला,

"कचरा."

"मोठ्यानं बोल," बुवा म्हणाले. "खांबापाशी कौसा बसलीय, तिला ऐकू जाऊ दे."