साडेतीनचा आकडा

त्या राज्यात बारा महिने उन्हाळा होता आणि थंडावा मोजून वाटला जाई.

मागणारे तो टनांत मागत. टनभर बर्फ एका दिवस-रात्रीत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढा थंडावा म्हणजे एक टन. थंडावा देणाऱ्या यंत्रांवर मात्र किलोवॅटचे आकडे कोरलेले असत. या दोन मापांच्या मध्ये भागाक्का साळिंदर दुभाषी म्हणून बसे. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, हे तिने तीस वर्षे सांगितले होते. आजाऱ्यांच्या ओवरीला दहा टन लागत, म्हणून तिथे पाच-पाच किलोवॅटची सात यंत्रे होती. तिथेच तिचा नवरा तापाने पडून होता.

सांबरराजाला दरबारात उकडू लागले. नवी यंत्रे मिळेनात. तेव्हा सरडाप्रधानाने सुचवले, की साडेतीन हा आकडाच अर्धवट आहे, राज्याला तो शोभत नाही. एक टन म्हणजे एक किलोवॅट धरावा. हुकूम निघाला आणि दुपारपर्यंत राज्याचा थंडावा साडेतीनपट झाला. भागाक्काने नव्या हिशेबाच्या कागदाखाली अंगठा उठवला. आकड्याने कुणाचे काय बिघडते, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी ओवरीतली पाच यंत्रे दरबारात गेली. दहा टनांना आता दहा किलोवॅट पुरत होते.

संध्याकाळी नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिचे काटे उभे राहिले. ती तडक प्रधानाकडे गेली. त्याने तिला तोच कागद दाखवला. ओवरीत पुरते दहा टन होते, खाली तिचाच अंगठा होता.

"मग माझा माणूस का भाजतोय?" तिने विचारले.

"अक्का, त्यांना थंडी बाधली असेल," सरडा कळवळून म्हणाला आणि त्याने दोन घोंगड्या दिल्या.

थंडाव्याचा साठा इतका वाढला, की हिशेबाप्रमाणे तळे गोठायलाच हवे होते. ते गोठल्याचे प्रधानाने जाहीर केले. राजा सकाळी त्यावरून चालणार होता. सगळा दरबार लोकरी कानटोप्या घालून, घाम पुसत तळ्याकडे निघाला.

भागाक्का काठावर आडवी उभी राहिली. "महाराज, अंगठा माझा आहे, पण तो खोटा आहे. हे पाणी आहे."

राजाने तिच्याकडे पाहिले, मग पाण्याकडे, मग मागे उभ्या दरबाराकडे. एवढ्यांदेखत त्याला माघार घेता येईना. त्याने पाऊल टाकले.

भागाक्का बघत थांबली नाही. दरबार ओस पडला होता. ओवरी राखणाऱ्या रंगोबा अस्वलाला घेऊन तिने एकेक यंत्र ओढत परत आणले. सातवे सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने नवऱ्याने डोळे उघडले आणि बाहेर कसला आवाज आहे, असे विचारले.

तिने खिडकीतून पाहिले. तळ्याच्या मध्यावर राजाची शिंगे तेवढी वर होती. त्याच्यामागे दरबार ओळीने पाण्यात उतरत होता. गळ्यापर्यंत बुडालेला सरडा मान वळवून मागच्यांना बजावत होता, "जपून या. फार घसरतंय."