रथाखालची मोगरी

भाविकहो, तापीकाठी वाघनेर नावाचे गाव आहे. तेथे रामाच्या देवळालगतच्या मठीत रेवागीर महाराजांचा मुक्काम असे. त्या वर्षी गावाला सरपंच निवडायचा होता. कोणी यादवराव देशमुखांचे नाव घेई, कोणी सुपडूचे. गावकरी विचारायला आले तेव्हा महाराज म्हणाले, "आधी रामाचा रथ तर फिरून येऊ द्या रे!"

हा सुपडू कोण? पटकीच्या साथीत सख्खे भाऊ उंबऱ्याबाहेर थांबले, तेव्हा घरोघर जाऊन रोग्यांना पाणी पाजणारा. त्याच साथीत त्याची बायको गेली. पुढे गावाला चांगले पाणी मिळावे म्हणून त्याने आपल्या शेताचा उत्तम तुकडा विहिरीसाठी देऊन टाकला. आणि रथाच्या दिवशी त्याचे काम कोणते? तर चाकापुढे मोगरी लावायचे! ही लाकडी पाचर वेळेवर सरकवली नाही, तर रथ ना वळतो, ना थांबतो.

यादवराव मात्र दरवर्षीप्रमाणे वर, मूर्तीशेजारी, फेटा सावरत बसले होते. खाली वाकलेल्या सुपडूला पाहून ते मोठ्याने म्हणाले, "हा जन्मभर चाकाशी वाकलेला! हा काय गावाचा गाडा हाकणार?" लोकही हसले. सुपडूला ते फार लागले. खुर्चीचा मोह त्याला नव्हता. पण नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया अजून डबक्यातलेच पाणी भरत होत्या आणि यादवरावांनी ते कधीच मनावर घेतले नव्हते. "रामराया, मी सरपंच नसलो तरी चालते, पन त्या लेकरायचं पानी तू पाह्य," असे पुटपुटत त्याने मोगरी उचलली.

उतार लागला आणि घात झाला! मोगरी कडाडून फुटली. रथ सुसाट निघाला. दोर धरणारे बाजूला उडाले. खाली त्याच वस्तीतल्या बाया लेकरे कडेवर घेऊन दर्शनाला उभ्या होत्या. यादवराव खांबाला मिठी मारून ओरडू लागले, "धरा रे! कोणीतरी धरा!" सुपडूने मागचापुढचा विचार केला नाही. "महाराज!" अशी हाक मारून त्याने आपला खांदाच चाकापुढे घातला.

आणि काय नवल! चाक खांद्याला टेकले अन् जागच्या जागी थांबले. सुपडूला साधा ओरखडाही नाही!

सारे मठीकडे धावले. महाराज हाताला ओले फडके गुंडाळून बसले होते. तळहातावर चाकाच्या लोखंडी धावेचा काळानिळा वळ उठला होता.

सुपडू रडू लागला. "महाराज, माह्यापायी तुमाले लागलं!"

"तू खांदा लावलास, मग आम्ही हातही लावू नये की काय?" महाराज हसून म्हणाले.

यादवरावांनी फेटा काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. "सरपंच सुपडूभाऊच, महाराज. पुढच्या वर्षी मोगरी मी लावीन."

"पुढचं वर्ष कशाला? नाल्यापलीकडे विहीर खणायची आहे. सकाळी कुदळ घेऊन या."

यादवराव उठले आणि सुपडूकडे वळले. "अहो, हे काय!" म्हणत सुपडूने त्यांचे हात धरले; पण तोवर ते त्याच्या पायांशी वाकले होते.