माळावर पोचवलेल्या चुलीची कहाणी

ऐका रानजाई, तुमची कहाणी. नगर होतं आटपाट, पण ही गोष्ट नगरातली नव्हे, वेशीबाहेरची. वेशीबाहेर माळ होता. माळावर आवळी होती. आवळीपासून हाकेच्या अंतरावर झरा होता, आणि झऱ्याच्या काठी शेंदूर लावलेला एक दगड होता. ती रानजाई. तिला देऊळ नव्हतं, कळस नव्हता. जो माळावर उतरेल त्याची ती राखण करी.

नगरात एक तांबट राही. त्याला बायको होती, दोन मुलगे होते, दोन सुना होत्या. थोरली ठकू, धाकटी येसू. ठकू बोलकी, येसू कामसू. दर कार्तिकात तांबटाचं घर माळावर मुक्कामाला जाई. राहुट्या ठोकायच्या, आवळीखाली तीन दगडांची चूल मांडायची, तिथंच जेवायचं, तीन दिवस राहायचं, मग घरी यायचं. असा त्यांचा नेम होता.

एके वर्षी काय झालं? तांबटाचं घर माळावर गेलं. गवत कंबरेइतकं वाढून वाळलेलं. पुरुषांनी राहुट्या ठोकल्या. मेखा कमी पडल्या, म्हणून एक दोर आवळीच्या कोवळ्या फांदीला आवळला. ठकूनं झऱ्यावर भांडी घासली, खरकटं झऱ्यात सोडलं, पत्रावळी झऱ्याकाठी टाकल्या. येसू म्हणाली, "जाऊबाई, पाण्यात नका टाकू." ठकू म्हणाली, "अगं, वाहतं पाणी ते! उद्या जाईल वाहून. तू मुक्कामाला आलीस का माळ झाडायला?" सगळी हसली. येसूही हसली, कामाला लागली.

तीन दिवस झाले. निघायची वेळ झाली. पुरुषांनी मेखा उपटल्या, भोकं तशीच ठेवली, फांदीचा दोरही तसाच सोडला. ठकू म्हणाली, "येसू, चुलीवर ओत ग एक घागर, की निघू." येसूनं घागर बाजूला ठेवली, म्हणाली, "अहो जाऊबाई! चुलीवर पाणी ओततात का कुणी? सासूबाईंनी काय शिकवलंय? चूल विझवू नये. विस्तव राखेत राखावा." मग येसूनं काय केलं? घरी करी तसंच केलं. निखारे एकत्र लोटले, वर राख पसरली, हातानं थापली. राख वरून गार लागली. येसूनं नमस्कार केला. सासू म्हणाली, "माझी धाकटी शहाणी आहे." सगळी घरी आली.

दुसरे दिवशी सकाळी माळावर वारा सुटला. वाऱ्यानं राख उडवली. खालचा निखारा उघडा पडला. निखाऱ्यानं गवत धरलं, गवतानं झुडूप धरलं. बघता बघता माळ पेटला.

इकडे घरी येसू चुलीशी बसली. राख सारली, तो विस्तव मेलेला. फुंकणी घातली, फुंकलं फुंकलं, काही नाही. मग शेजारणीकडे गेली, गोवरीवर विस्तव आणला. उंबऱ्याशी आली, विझला. मग देवळातल्या समईवरून काकडा पेटवून आणला. उंबऱ्याशी आली, विझला. मग सासऱ्याच्या भट्टीवर गेली. सासरा भाता ओढून ओढून घामाघूम. भट्टी गार. म्हणाला, "पोरी, चाळीस वर्षं तांबं ठोकतोय, असं कधी झालं नाही." येसू रित्या हातानं घरी आली.

इतक्यात दारात हाक आली. येसू बाहेर आली. पाहते तो एक धनगराची लेक, दिवस भरलेली, भिंतीला टेकून उभी. तिच्यासंगं एक म्हातारी. दोघींच्या अंगाला धुराचा वास. म्हातारीचा पदर जळून काळा झालेला. लेक म्हणाली, "आई, वाईच जागा द्या. माझा धनी मेंढरं घेऊन खाली गेलाय. माळ पेटला, आमचं राहायचं पाल जळालं. मला कळा येत्यात." येसूनं तिला हाताला धरून आत घेतलं. सासूनं माजघरात बाज टाकली. म्हातारी बाजेशी बसली. सासूला वाटलं, ही हिची आई असेल.

सूर्य माथ्यावर आला, तो बाळ जन्मलं. मुलगी झाली. थंडीचे दिवस, बाळ गार पडू लागलं. बाळंतीण कुडकुडू लागली. म्हातारी म्हणाली, "ऊन पाणी आणा. शेगडी आणा." सासूनं येसूकडे पाहिलं. येसूनं चुलीकडे पाहिलं. घरात तांब्याची सतरा पातेली, एकातही ऊन पाणी नाही.

सासू म्हणाली, "काय पाप झालं हे घराला? माळावर आग तरी कुणाची?" येसूनं फुंकणी उचलली.

ठकू म्हणाली, "कुणाची का असेना, आपण तर चूल राखून आलो. होय ना ग येसू?" येसूनं फुंकणी खाली ठेवली.

म्हातारीनं बाळाला आपल्या जळक्या पदरात गुंडाळलं, पोटाशी धरलं. मग हळूच म्हणाली, "आग कुणाची ग, बाई?"

येसूचे डोळे भरले. बाजेवरची बाळंतीण तिच्याकडेच बघत होती. येसू म्हणाली, "माझी. मी शहाणपणानं राखेत विस्तव ठेवला. पाणी होतं, ओतलं नाही. चूल विझवणं अशुभ म्हणून ओतलं नाही. बाई, तुझं पाल माझ्या आगीनं जळालं."

बाळंतीण तोंड फिरवून म्हणाली, "त्या पालात माझ्या आईनं दिलेली वाकळ हुती." एवढंच म्हणाली. येसूला कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हातारी म्हणाली, "घरात गणपती बसवतेस का?"

"बसवते."

"मग पाण्यात पोचवतेस ना? तेव्हा अशुभ होत नाही?"

"तो पाहुणा देव. बोलावला, त्याला पोचवायला हवा."

"माळावरचा अग्नी कोण मग? घरची चूल घरची आहे, ती राखावी. माळावरची चूल पाहुणी. तीन दिवस बोलावलीस, तिच्या हातचं जेवलीस, आणि न पोचवता निघून आलीस. ती अजून तिथं जागी आहे, मुळांत शिरली आहे. तिला पोचवल्यावाचून घरची कशी पेटेल? जा. हे बाळ मी तोवर धरते. फार वेळ धरवायचं नाही."

येसूनं तांब्याची घागर उचलली. पायात वहाण नाही, डोईवर पदर नाही. धावत माळावर गेली. माळ काळा झालेला. पालाचा एक खांब उभा, जळका. येसूनं तिकडे पाहिलं नाही, झऱ्यावर गेली.

पहिल्यांदा झऱ्यात घागर बुडवली. घागर भरेना. पत्रावळींनी झऱ्याचं तोंड बुजलेलं, पाणी खरकट्यानं चिकट झालेलं. येसूनं हातानं सगळं उपसलं, ओंजळीओंजळीनं काढलं, पदरात बांधलं. पाणी निवळलं. घागर भरली. चुलीवर ओतली. वाफ उठली. खाली धग तशीच.

मग दुसऱ्यांदा घागर भरली. घाईनं निघाली, तो पाय मेखेच्या भोकात गेला. येसू पडली, घागर सांडली. पाय मुरगळला. मनात म्हणाली, माझा पाय मुरगळला, इथं गाईचा मोडला असता. बसल्या जागी हातानं माती ओढली, ते भोक बुजवलं. शेजारचं बुजवलं. लंगडत परत झऱ्यावर गेली.

मग तिसऱ्यांदा घागर भरली. चुलीपाशी आली. थोडी ओतली, काठीनं ढवळलं, पुन्हा थोडी ओतली. आवळीच्या मुळाशी एक निखारा लाल डोळा करून बसलेला. येसूनं तिन्ही दगड बाजूला केले, मूळ उकरलं, उरलं पाणी त्याच्यावर सोडलं. चर्र झालं. मग येसूनं उघडा तळहात राखेच्या आत घातला, वर नव्हे, आत. राख गार. माती गार. येसू म्हणाली, "अग्निमाये, आलीस, जेऊ घातलंस, आता स्वस्थानी जा. माझं चुकलं." आवळीच्या फांदीला जळून उरलेला दोर होता, तो सोडला. फांदीची साल निघालेली. त्यावर ओली माती लिंपली, आणि घरी आली.

तो ठकू अंगणात धावत आली. "येसू, अगं येसू! चूल पेटली! मी नुसती समोर बसले होते ग, फुंकलंसुद्धा नाही! आपोआप भडकली!" आत पातेल्यात पाणी खदखदत होतं. शेगडी लाल झाली होती. भट्टीवर सासऱ्याचा हातोडा वाजू लागला होता. बाळंतीण शेकत होती. बाळ तिच्या कुशीत, गुलाबी, रडत होतं.

येसू म्हणाली, "आजी कुठं आहेत?"

सासू म्हणाली, "आत्ता इथं होत्या. हिची आई ना?"

बाळंतीण म्हणाली, "माझी आई कधीच गेली. मला वाटलं, तुमच्या नगरातल्याच कुणी थोरल्या. आग लागली तवा त्यांनीच मला पालातून ओढून काढलं."

सासूनं माळाच्या दिशेनं हात जोडले.

मग बाळंतीण सव्वा महिना तांबटाच्या घरी राहिली. येसूनं तिला न्हाऊमाखू घातलं. आपली तीन लुगडी घेऊन वाकळ शिवली. तिचा धनी मेंढरं घेऊन परत आला, त्याला सासऱ्यानं नवं पाल दिलं, घरचा कडबा मेंढरांना घातला. जायच्या दिवशी बाळंतीण येसूला म्हणाली, "लेकीचं नाव तू ठेव." येसूनं रानजाई ठेवलं. मग तिला पोचवायला सगळी माळावर गेली. पाहतात तो काळ्या मातीतून हिरवे कोंब आलेले, आणि झऱ्याकाठच्या शेंदरी दगडावर एक जळका पदर. येसूनं लोटांगण घातलं. ठकू रडू लागली, म्हणाली, "देवी, वसा सांग."

दगडातून वाणी झाली. "वसा कशाला हवा? उताल, माताल, मुक्काम हलला की विसराल."

दोघी जावा म्हणाल्या, "उतणार नाही, मातणार नाही, मुक्काम हलला तरी विसरणार नाही."

"तर ऐका. माळावर उतराल तेव्हा पाण्यापासून शंभर पावलं लांब उतरावं. ओल्या फांदीला हात लावू नये, पडलं तेवढं सरपण घ्यावं. झऱ्यातून पाणी न्यावं, झऱ्यात काही टाकू नये. घरट्यांजवळ ढोल वाजवू नये. निघताना चूल पोचवावी. पाणी ओतावं, ढवळावं, पुन्हा ओतावं, आत हात घालून पाहावं. मेखेचं भोक बुजवावं. आणलं ते बांधून न्यावं. मग मागं वळून पाहावं. इथं कुणी राहिलं होतं असं वाटलं, तर परत फिरावं. वाटलं नाही, तर माझी पूजा झाली. नारळ नको, खण नको."

पुढच्या कार्तिकात तांबटाचं घर पुन्हा माळावर गेलं. निघताना सगळी वाटेला लागली, तो ठकू थबकली. म्हणाली, "थांबा, मला एकदा मागं वळून बघू दे." सासू म्हणाली, "अगं, मुक्कामाला आलीस का माळ झाडायला?" ठकू म्हणाली, "दोन्हीला!" आणि परत जाऊन एक द्रोण उचलून आली.

बायांनो, तुमचे तंबू आता हलके झाले, घडी करून पाठीवर जातात. चूलही कुठं लोखंडाची, कुठं वायूची. तरी माळ तोच आहे, वारा तोच आहे, आणि गवताआड कुणाचं पाल आहे हे आपल्याला आजही दिसत नाही. जशी रानजाई येसूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. घरची चूल तेवती राहो, माळावरची गार होवो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरी माळावर मांडली, तिथंच पोचवली, सुफळ संपूर्ण झाली.