सुलोमेने पदरात घेतलेले भय

त्रेतायुग उतरणीला लागले होते. देव अजून हाकेला येत, पण उशिरा येत. असुर मात्र हाक न मारता येत. त्या काळी शरभारण्यात, वेत्रा नदीच्या काठी, मल्लविद्येचे महान आचार्य जाजलायन मुनी यांचा आश्रम होता. पळसांच्या केशरी फुलांनी वेढलेला, हरणांच्या पावलांनी मळलेला, आणि मधोमध तांबड्या मातीचा आखाडा. ती माती ताक, तेल आणि हळद घालून अशी मऊ केलेली, की पडणाऱ्याला वाटावे आईनेच झेलले.

त्याच अरण्याच्या वरच्या अंगाला वज्रस्कंध नावाचा असुर राहत असे. शस्त्राने मरण नाही, असा त्याला वर होता. दर चैत्र पौर्णिमेला तो खोऱ्यातल्या गावांकडून एक मल्ल मागे. मल्लाने त्याची पाठ मातीला लावली तर तो खोरे सोडून जाणार, नाही तर मल्ल जिवाला मुकणार. अकरा वर्षांत अकरा गेले. त्यांतला सातवा सुलोमेचा पती होता. आणि या वर्षी पाळी आली होती तिच्या एकुलत्या एका मुलाची, ऋजुबाहूची.

वीस वर्षांचा ऋजुबाहू शालवृक्षासारखा उंच, बैलासारखा रुंद. बळात उणे काही नव्हते. उणे होते ते चित्तात. मुनी त्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेला पळसाचा द्रोण ठेवत आणि इतर शिष्यांना म्हणत, "बोला याला, हवे ते बोला."

"काय रे ऋजू, मांडी थरथरतेय की नाचतोयस?"

"आईला विचारून आलास ना आखाड्यात?"

"तो बघ, वज्रस्कंध आला मागून!"

की द्रोण सांडलाच. मुलाचे केस, कपाळ, छाती ओली होई, आणि सगळे हसत.

मुनी मात्र हसत नसत. म्हणत, "वत्सा, शत्रूच्या मुठीकडे बघू नकोस, त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघ. मूठ खोटे बोलते, अंगठा बोलत नाही. आणि भय आले की त्याला हाकलू नकोस. विचार, कुठून आलास? ते सांगेल, मानेकडून आलो, बरगडीकडून आलो. तिथे हात ने. भय हा तुझा निरोप्या आहे. निरोप ऐकायचा, निरोप्याला घरात झोपू द्यायचे नाही."

कुंपणाशी उभी राहून सुलोमा हे रोज ऐके. एके दिवशी तिने मुनींची वाट अडवली.

"मुनिवर, हे याला कधी साधेल?"

"तीन महिन्यांत."

"पौर्णिमेला तर एकवीस दिवस उरले!"

"होय मुली."

"म्हणजे तो जाणार?"

मुनींनी रिकामा द्रोण उचलला आणि ते नदीकडे वळले. तिला काय ते कळले.

तडक ती टेकडीवरच्या भयहारिणी देवीपुढे गेली आणि एका पायावर उभी राहिली. अन्न नाही, पाणी नाही. अठराव्या दिवशी भर दुपारी, सूर्य फिका पडावा असे तेज फाकले आणि देवी प्रकट झाली.

"सुलोमे, प्रसन्न झाले. मुलासाठी धैर्य मागायला आलीस ना? देते."

इथेच सुलोमा चुकली बघा. ती म्हणाली, "धैर्य नको माते! ते मुरायला वेळ लागतो, आणि माझ्याकडे तीन दिवस आहेत. त्याचे भयच काढून घे."

"भय नाहीसे होत नसते, फक्त जागा बदलते. काढले तर ठेवू कुठे?"

क्षणाचाही विचार न करता त्या माउलीने पदर पसरला. "टाक इथे!"

"विचार कर. पदरात टाकलेले मी माघारी घेत नाही."

"टाक म्हणते ना!"

आणि काळ्या गारेसारखे काहीतरी तिच्या पदरात पडले आणि विरघळून अंगात मुरले.

दुसऱ्या दिवशी आखाड्यात नवल घडले. शिष्य ओरडून थकले, पण द्रोणातला थेंबही हलला नाही. सगळे जयजयकार करू लागले. मुनी पुढे आले, त्यांनी मुलाच्या डोळ्यांवर मूठभर माती फेकली. त्याची पापणी लवली नाही. माती डोळ्यांत गेली, तरी तो हसतच उभा.

मुनींचा चेहरा उतरला. "हे धैर्य नव्हे. धैर्यवानाची पापणी लवते, फक्त पाऊल हटत नाही. या घराचा निरोप्याच कोणी नेला?" मग त्यांची दृष्टी कुंपणाशी गेली. "मुली, काय केलेस?"

सुलोमेने पदर छातीशी घट्ट धरला. तिचे दात वाजत होते.

"ऋजुबाहू, पौर्णिमेला जाऊ नकोस," मुनी म्हणाले.

"का बरे मुनिवर?" त्याने सरळ विचारले. "पाळी माझी आहे."

पौर्णिमेच्या सकाळी युद्ध जुंपले. दोन मत्त हत्ती भिडावेत तसे ते भिडले. दंडांवर दंड आदळताच पक्षी झाडे सोडून उडाले, वेत्रेचे पाणी काठावर चढले. दोनदा ऋजुबाहूने त्या पर्वतप्राय असुराला गुडघ्यावर आणले. लोक नाचू लागले. इतक्यात वज्रस्कंधाचा डावा अंगठा मातीत तसूभर सरकला.

तो सुलोमेला दिसला. मुलाच्या वाटणीचे भय तिच्यापाशी होते ना! तिच्या मानेत कळ उठली, निरोप पोहोचला, पण चुकीच्या घरी. ती किंचाळली, "ऋजू, मान!"

त्याने वळून आईकडे पाहिले. शांतपणे, हसून. "काय झाले, आई?"

तेवढाच क्षण असुराला पुरला.

सुलोमा टेकडीवर धावली. पदर उलटा करून झटकत राहिली. "घे, माघारी घे! आत्ता घे!"

देवी आली. तिचेही डोळे भरले होते. "घेऊन ठेवू कुठे, सुलोमे? ज्याचे होते तो गेला. आता हे तुझ्यातून सरणार नाही, आणि आई म्हणवणाऱ्या कोणातूनच सरणार नाही."

वज्रस्कंध खोऱ्यातच राहिला. पाळ्या चालूच राहिल्या. आणि तेव्हापासून, मूल संकटासमोर उभे असले की आई पदराचा बोळा तोंडात कोंबते. रडू आवरायला कोंबते असे लोक म्हणतात. तसे नाही. हाक मारली तर ते वळून बघेल, म्हणून.